कोंबडीच्या खाद्यातलं औषध: एका सवयीचा इतिहास



फौजेतला निवृत्त माणूस लढाया सोडून कोंबड्यांकडे कुठे वळला, असं आज काहींना वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो. माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेली. जवानाच्या ताटात जे पडतं ते वेळेवर आणि चांगल्या स्थितीत पोचवणं, हे आमचं काम. ठेकेदाराचा माल आला की आम्ही वजन पाहायचो, रंग पाहायचो, वास घ्यायचो. ही कोंबडी सहा आठवडे काय खाऊन वाढली, हे मात्र डोळ्यांनी किंवा नाकानं कळत नाही. आज इथे जबलपुरात, आमच्या गोरखपूरच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ते कळत नाही.

मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात अनेक वर्षं अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक औषध, मिसळलं गेलं. ते बंद केलं तर त्याच्या जागी काय द्यायचं, असा प्रश्न आता पोल्ट्रीवाले विचारतात. बाजारात त्यावर पुड्या, बाटल्या आणि द्रावणं भरपूर मिळतात. पण कुठली पुडी घ्यायची हे ठरवण्याआधी पहिली पुडी खाद्यात आली कशी, हे पाहिलं पाहिजे.

एक नाताळ आणि काही पिल्लं

गोष्ट अमेरिकेतली आहे, पण तिच्या मुळाशी आपला एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली प्रयोगशाळेचे संशोधन संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत, बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञानं मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे औषध शोधलं. टेट्रासायक्लिन कुळातलं हे पहिलं औषध. १९४८ मध्ये ते जाहीर झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे कोंबड्यांच्या आहारावर काम करत होते. युद्धानंतर मासळीचा चुरा महाग झाला होता. नुसत्या सोयाबीन-मक्यावर पिल्लं नीट वाढत नव्हती. प्राण्यांच्या अन्नात असलेलं कुठलं तरी पोषक द्रव्य कमी पडत होतं. पुढे ते ब-१२ जीवनसत्त्व निघालं. औषध बनवून झाल्यावर टाकीत जो चोथा उरतो, त्यात हे जीवनसत्त्व असतं. म्हणून ज्यूक्सनं ऑरिओमायसिनचा चोथा पिल्लांना घातला. १९४८ च्या नाताळात वजनं केली, तेव्हा चोथा खाणारी पिल्लं इतरांपेक्षा ठळकपणे जड भरली. ब-१२ च्या हिशेबात न बसणारी ही वाढ होती. चोथ्यात उरलेल्या औषधाचा तो परिणाम होता.

१९५० मध्ये ही बातमी जगभर गेली आणि १९५१ मध्ये अमेरिकेनं खाद्यात औषध मिसळायला परवानगी दिली. टनामागे काही ग्रॅम औषध टाकायचं आणि कमी दाण्यात जास्त मांस मिळवायचं, असा सोपा हिशेब. कोंबडी पाळण्याच्या खर्चातला जवळपास दोन तृतीयांश खर्च दाण्याचा असतो. तो थोडा जरी वाचला तरी धंद्याचा नफा बदलतो. त्यामुळे ही सवय पसरायला फार वेळ लागला नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्या. आजारी कोंबडीला पूर्ण मात्रा देऊन बरं करणं हा उपचार झाला. निरोगी कोंबडीला रोज चिमूटभर देत राहणं हे वेगळंच काम आहे. जिवाणू मरणार नाहीत पण औषधाला ओळखायला शिकतील, अशीच ती मात्रा असते. पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेनं जिवाणू निर्ढावतील, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल भाषणातच देऊन ठेवला होता.

स्वच्छ शेडमध्ये औषध चालेना

या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग फारसा कुणाला माहीत नसतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रीडिंगजवळच्या संस्थेत मारी कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रयोग करून पाहिले. ज्या जागेत वर्षानुवर्षं कोंबड्या राहत आल्या होत्या, तिथे औषधामुळे वाढ दिसली. जिथे आधी कोंबड्या ठेवल्याच नव्हत्या अशा नव्या, स्वच्छ जागेत तो फायदा दिसेना. पुढे पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांवरही पेनिसिलिनचा असा उपयोग झाला नाही.

याचा अर्थ काय? औषधात पोषण नव्हतं. वाईट जागेमुळे कोंबडीची जी वाढ खुंटत होती, ती औषध भरून काढत होतं. ओल्या तुसाची, अमोनियाच्या वासाची, दाटीवाटीची आणि खराब पाण्याची भरपाई पुडीतून केली जात होती.

फौजी माणसाला हे लगेच पटतं. जुन्या युद्धांत गोळीपेक्षा हगवण आणि तापानं जास्त माणसं गेली. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात जखमी सैनिक धडाधड मरत होते. १८५५ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारचं स्वच्छता पथक तिथे पोचलं. त्यांनी गटारं साफ केली, पाणी सुधारलं, हवा खेळती केली आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. तेव्हा जगात एकही अँटिबायोटिक नव्हतं. छावणी टाकताना पाण्याची जागा, स्वयंपाकाची जागा आणि संडास यांतलं अंतर आम्ही अजूनही याच कारणासाठी मोजतो. दहा हजार पक्ष्यांची शेड ही छावणीच आहे, फरक इतकाच की तिथे कुणी तक्रार करायला येत नाही.

राखीव फौज खर्ची पडते तेव्हा

ही सवय महागात पडते हे हळूहळू दिसू लागलं. १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीनं सांगितलं की माणसांच्या उपचाराला लागणारी औषधं जनावरांची वाढ करण्यासाठी वापरू नका. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी एका फार्मवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. काही महिन्यांनी त्या फार्मवर राहणाऱ्या माणसांमध्येही तसेच जिवाणू वाढलेले आढळले. त्या माणसांनी औषध घेतलेलं नव्हतं.

मग कोलिस्टिनची पाळी आली. दुसरं काही चालेना झालं की अतिदक्षता विभागातले डॉक्टर जे औषध बाहेर काढतात, त्यांपैकी हे एक. लढाईत सेनापती राखीव तुकडी शेवटपर्यंत हातात ठेवतो, तसं. आणि आपण ही राखीव तुकडी कोंबडीचं वजन वाढवायला रोजच्या गस्तीवर पाठवत होतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला निष्प्रभ करणारा एक जनुक सापडला आहे आणि तो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो. डुकरांत, बाजारातल्या मांसात आणि रुग्णांतही तो मिळाला. भारत सरकारनं जुलै २०१९ मध्ये मांस, दूध, अंडी देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, मत्स्यपालनासाठी आणि खाद्यात मिसळण्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच वर्षी आपल्या मध्य प्रदेशानं औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध राज्याची कृती योजना आणली. केरळनंतर अशी योजना आणणारं हे दुसरं राज्य.

२०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं राजधानी परिसरातून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने घेतले होते. त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. आणि २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला सगळा दोष कोंबडीचा नाही. माणसांनीही ही औषधं बेहिशेब खाल्ली आहेत. पण कोंबडीचा वाटा आपल्याला थांबवता येण्याजोगा आहे.

ज्यांनी थांबवलं त्यांचं काय झालं

‘औषध काढलं तर धंदा बुडेल’ हे वाक्य प्रत्येक देशात ऐकू आलं. त्याचं उत्तर स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये मिळतं.

स्वीडनमध्ये बंदीची मागणी शेतकऱ्यांच्याच संघटनेनं केली होती. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला तर आपलं काही खरं नाही, हे त्यांनी ओळखलं. १ जानेवारी १९८६ पासून वाढीसाठीची औषधं बंद झाली. सुरुवात सोपी नव्हती. कोंबड्यांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार वाढेल या भीतीनं पहिली दोन वर्षं पशुवैद्यांच्या चिठ्ठीवर औषध दिलं गेलं. डुकरांच्या पिल्लांना तर दूध सुटल्यावर जुलाबाचा मोठा त्रास झाला. मग कोंबडीपालकांनी खाद्यातलं प्रथिन थोडं कमी केलं, पचनाला मदत करणारी एन्झाइम घातली, शेडची हवा आणि तूस सुधारलं. मग चिठ्ठीवरचं औषधही खाली आलं.

डेन्मार्कनं १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन हे औषध बंद केलं, कारण त्याचा जवळचा भाऊ, व्हँकोमायसिन, माणसांच्या इस्पितळात लागतो. त्या वर्षी तिथल्या ब्रॉयलरमधून मिळालेल्या एका जातीच्या जिवाणूंपैकी सुमारे ७३ टक्के व्हँकोमायसिनला दाद देत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. १९९८ मध्ये तिथल्या ब्रॉयलर उत्पादकांनी वाढीसाठीची उरलेली औषधंही सोडली. परिणाम काय? कोंबड्या जास्त मेल्या नाहीत. शेडमधलं उत्पादन घटलं नाही. एक किलो वजन वाढवायला पूर्वीपेक्षा सुमारे १६ ग्रॅम दाणा जास्त लागला. औषधाचा खर्च वाचला, ते वेगळंच. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिकं बंद केली.

पण पुढची पायरीही ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे. नेदरलँड्समध्ये बंदी आली आणि ‘उपचारा’च्या नावाखाली औषधाचा खप वाढला. पाटी बदलली, पण पिंप तेच राहिलं. मग सरकारनं प्रत्येक फार्मचा हिशेब मागायला सुरुवात केली आणि २००९ ते २०१२ या काळात जनावरांच्या अँटिबायोटिकची विक्री जवळपास निम्म्यावर आली. नुसता हुकूम काढून काम होत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते. डेपोत काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पर्याय: कोण कुठल्या कामाचा

आता पर्यायांची हजेरी घेऊ.

पहिली लस. राणीखेत हे कुमाऊंमधलं छावणीचं गाव. आपल्याकडे १९२० च्या दशकात तिथे आढळलेल्या कोंबड्यांच्या रोगाला देशभर त्याच गावाचं नाव पडलं. मराठी शेतकरी त्याला मानमोडी म्हणतो. हा विषाणूचा रोग, अँटिबायोटिक त्यावर काहीच करत नाही. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेनं लस तयार केली आणि कोंबडीपालन टिकलं. लस काय करू शकते याचा मोठा दाखला नॉर्वेच्या मत्स्यशेतीत आहे. १९८७ मध्ये तिथे माशांना जवळपास ५० टन अँटिबायोटिक दिलं जात होतं. लशी आल्यावर दहाएक वर्षांत ते टनाच्या आसपास आलं, आणि माशांचं उत्पादन मात्र वाढत गेलं.

दुसरे चांगले जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक. १९७१ मध्ये फिनलंडच्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाची साथ आली. एस्को नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला दिले, तर साल्मोनेलाला बसायला जागाच उरत नाही. गावठी कोंबडीचं पिल्लू आईच्या मागे उकिरडा उकरत फिरतं, तेव्हा हेच आपोआप घडतं. हॅचरीतल्या यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई नसते, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. हे पहिल्या दिवसापासून दिलं तर उपयोगी. पंचविसाव्या दिवशी आठवण झाली तर फारसं हाती लागत नाही.

तिसरी आम्लं आणि एन्झाइम. फॉर्मिक किंवा ब्युटिरिक आम्लानं साल्मोनेलासारखे जिवाणू दबतात. एन्झाइममुळे दाणा नीट पचतो आणि न पचलेल्या अन्नावर वाढणाऱ्या जिवाणूंचं रेशन तुटतं.

चौथी आपली मसाल्याची पाळी: हळद, लसूण, ओवा. ओव्यातला थायमॉल प्रयोगशाळेच्या बशीत जिवाणू मारतो, यात शंका नाही. पण बशी वेगळी आणि आतडं वेगळं. अर्क कसा काढला, किती टक्के आहे, यावर निकाल अवलंबून असतो, म्हणून एका फार्मवर गुण येतो आणि दुसऱ्यावर येत नाही. ‘आयुर्वेदिक’ एवढं लेबल पाहून भुलू नका आणि आजीचं औषध म्हणून हसूही नका. आतल्या घटकाचं प्रमाण विचारा.

पाचवा पर्याय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. १८९६ मध्ये आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञानं लिहिलं की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. त्याचं कारण त्याला कळलं नव्हतं. १९१७ मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स द’हेरेल यानं जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिलं. आणि १९१९ मध्ये त्यानं त्यांचा उपयोग प्रथम कुणावर केला? कोंबड्यांवर! फ्रान्समधल्या खेड्यांत कोंबड्यांच्या टायफॉइडची साथ होती, तिथे. पुढे १९२७ मध्ये तो कॉलऱ्यावर काम करायला भारतातही आला. म्हणजे कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक आलं, त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी हा पर्याय वापरून झाला होता. स्वस्त औषधाच्या लाटेत तो मागे पडला. आता त्यावर पुन्हा काम सुरू आहे.

सहावी जात. आमच्या जबलपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चं, ज्यूक्सच्या पिल्लांच्याच वर्षाचं. आज ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात आहे. तिथे झाबुआच्या काळ्या कडकनाथवर काम झालं. कडकनाथ आणि ‘जबलपूर कलर’ यांच्या संकरातून परसात वाढणारी ‘नर्मदानिधी’ ही जातही तिथे तयार झाली. अशी कोंबडी सावकाश वाढते. सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाणाऱ्या ब्रॉयलरची जागा ती घेणार नाही, कारण तिचं मांस महाग पडतं. पण ज्याच्या घरी चार-दोन कोंबड्या आहेत त्याच्यासाठी ती चांगली.

मग पुडीच्या जागी काय?

या सहांपैकी एकही पर्याय ऑरिओमायसिनच्या चिमटीसारखा एकट्यानं चालत नाही. तसा तो चालावा अशी अपेक्षा करणंच चूक आहे. औषधाची चिमूट ओल्या तुसाची भरपाई होती. ओलं तूस तसंच ठेवून चिमटीच्या जागी ओवा टाकला, तर ओव्याला नापास ठरवून लोक पुन्हा औषधाकडे वळतील. स्वीडननं आधी शेड सुधारली, मग पुड्यांना काम दिलं.

आपल्याकडे हे कसं जमेल? जबलपूरच्या उन्हात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात तूस वाळतच नाही. म्हणून इथे पहिला खर्च हवेवर आणि पाण्यावर. पाण्याच्या पाइपची सफाई, क्लोरीन, गळके निपल बदलणं, तूस रोज हलवणं, दोन बॅचमध्ये शेड रिकामी आणि कोरडी ठेवणं, दारात पाय बुडवायला जंतुनाशकाची परात, आणि चौरस फुटामागे पक्षी कमी. यात एकही शोध नवा नाही.

अडचण पैशाची आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कराराच्या पोल्ट्रीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याची शेड, वीज आणि मेहनत. त्याला किलोमागे वाढवणीचे पैसे मिळतात. गोणीत काय मिसळलं आहे, हे त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. पक्षी कमी ठेवा असं आपण त्याला सांगितलं, तर त्याचं उत्पन्न घटतं. स्वीडनच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मागणी केली, एकट्यादुकट्यानं केली नाही. इथेही शेतकऱ्यानं करारात दोन ओळी मागाव्यात: गोणीवर प्रत्येक औषधाचं नाव, आणि औषधाशिवाय वाढवलेल्या बॅचला किलोमागे वाढीव दर. आणि आपण गिऱ्हाइकांनी तो वाढीव दर द्यायची तयारी ठेवावी. डेन्मार्कचा हिशेब आठवा: किलोमागे १६ ग्रॅम दाणा.

घरासाठी दोन गोष्टी. मांस पूर्ण शिजवलं की जिवाणू मरतात, पण औषधाचे अंश शिजवून पूर्ण जातील याची खात्री नसते. म्हणून त्यांचा बंदोबस्त शेडमध्येच व्हायला हवा. आणि कच्च्या कोंबडीची सुरी-पाट वेगळा ठेवा. त्याच पाटावर कोशिंबीर चिरू नका.

एक शब्द आणखी तपासायला शिका. ‘अँटिबायोटिकमुक्त’ असं लिहिलेलं दिसलं की विचारा: वाढीसाठी दिलं नाही, की अजिबात दिलं नाही? युरोपातही रक्ती हगवणीविरुद्ध मोनेन्सिनसारखी औषधं खाद्यात अजून चालतात. आणि आजारी पक्ष्याला पशुवैद्यानं पूर्ण उपचार दिला, ठरलेले दिवस थांबून मगच तो विकला, तर त्यात काही पाप नाही. आजारी जनावराला औषध नाकारणं ही माणुसकी नव्हे. वाद आहे तो निरोगी पक्ष्याला रोज दिल्या जाणाऱ्या चिमटीबद्दल.

तुमच्या ओळखीत कुणी पोल्ट्री चालवत असेल, तर हा भाग त्यांच्यासोबत बसून पाहा आणि खाद्याच्या गोणीवरचं लेबल एकत्र वाचा. लेबल नसेल, तर पुढच्या गाडीच्या आधी ते मागा.

जय हिंद.